चोवीसचा पाना

लग्न ठरलेल्या मुलींना होणाऱ्या नवऱ्याकडून साडी येते, फोटो येतो, कुणाचा नवरा फारच हौशी असला तर अत्तराची बाटली येते. मला नट आले. रुमालात गाठ मारून, जळगावहून धुळ्याला येणाऱ्या एस.टी.च्या ड्रायव्हरच्या हाती. बन्सीलाल ड्रायव्हर रुमाल माझ्या हातात देताना म्हणायचा, "प्रमिलाताई, जड लागतंय. पेढे दिसत नाहीत." मी म्हणायचे, "तुम्ही गाडी चालवा." आणि घरी येईपर्यंत माझी चाल बदललेली असायची, हे शेजारणींनी मला नंतर सांगितलं. शेजारणींना दुसरं काम काय.

माझा बाप हिलाल मिस्तरी. धुळ्यात पारोळा रोडला त्याचं ऑइल इंजिन दुरुस्तीचं दुकान होतं. विहिरींवरची जुनी इंजिनं सगळी इंचाच्या मापाची, म्हणून त्याचे पानेही इंचाचे. आमच्या धंद्यात इंचाचे आठ भाग करतात आणि एका भागाला सूत म्हणतात. मी शाळेत अपूर्णांक शिकले त्याच्या आधी सूत शिकले होते. आई गेली तेव्हा मी दहावीत होते. मग पिंपळनेरकडच्या एका खेड्यातून माझी फुई आमच्याकडे राहायला आली. फुई म्हणजे बापाची बहीण, कमलबाई. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, जन्म शेतात गेलेला. दुकान हे बाप्यांचं ठिकाण, असं तिचं मत होतं आणि तिने त्याची पायरी कधी चढली नाही. घरात मात्र तिचं राज्य. दारात कुणीही आलं, अगदी लाइटचं बिल देणारा आला, तरी फुई आधी पाण्याचा तांब्या पुढे करायची आणि मग विचारायची, कोण, कुठले. पाणी न पिता आमच्या दारातून माणूस गेला तर तिला जेवण गोड लागायचं नाही.

भाईदास मला पाहायला आला तेव्हाही पाणी तिनेच दिलं. तो जळगावला पाइपाच्या एका कंपनीत फिटर होता. उंच, शांत, केसांना फार तेल. त्याने पेला घेतला तेव्हा मी त्याच्या तोंडाकडे पाहायच्या आधी बोटांकडे पाहिलं. चारही बोटांच्या पेरांवर खपल्या होत्या. ते सगळे गेल्यावर फुई म्हणाली, "त्या पोरना हात देखा का तू? बठ्ठी बोटं सोलायेल शेत. कसं काम करस कोन जाने."

मला कळलं होतं कसं काम करतो. पाना घसरतो तेव्हा बोटं लोखंडावर आपटतात. परसदारी आम्हा दोघांना बोलायला दिलेल्या थोड्या वेळात मी त्याला तेच विचारलं. बाकीच्या मुली काय विचारतात मला माहीत नाही.

तो हसला. म्हणाला, "कंपनीत नवीन मशीन आलंय, बाहेरच्या देशाचं. त्याचे सगळे नट एमएमचे. माझे पाने वडिलांचे, इंची."

"कंपनी पाने देत नाही?"

"देते ना. स्टोअरच्या कुलपात आहेत. किल्ली साहेबाच्या खिशात, आणि साहेब कँटीनमध्ये."

"मग घासून घ्यायचे."

"कोण घासणार?"

"मी," मी म्हटलं. त्यावर तो माझ्याकडे जसा बघायला लागला, तसं तोवर माझ्याकडे कुणी बघितलं नव्हतं. मुलीला काय येतं या प्रश्नाचं उत्तर भरतकाम, विणकाम असं असतं. मला लोखंड घासायची कानस येत होती. बापाला मुलगा नव्हता, आणि कानस धरायला जोर लागत नाही, दम लागतो. ती पुढे ढकलताना चालवायची आणि मागे आणताना उचलायची. मागे ओढली की दातेही जातात आणि कामही जातं.

सुपारी फुटली, लग्न उन्हाळ्यात धरायचं ठरलं. आणि मग रुमाल यायला लागले. तो मशीनचा एकेक नट नमुन्याला पाठवायचा आणि सोबत त्याच्या वडिलांचा एक पाना. मी पाना नटाच्या मापाचा करून दोन्ही परत पाठवायचे. पाऊण इंची पाना एकोणीसच्या नटाला आपोआप बसतो, त्यांचं जन्मापासून जमलेलं. अर्धा इंची तेराच्या नटावर चढत नाही, केसभर कमी पडतो, त्याचं तोंड आतून घासायचं. हे सोपं. अवघड ते पाने, जे नटापेक्षा मोठे असतात. घासून लोखंड कमी करता येतं, वाढवता येत नाही. बापाने त्यावर हात टेकले होते. पान्याच्या तोंडात हॅकसॉच्या ब्लेडचा तुकडा सरकवून लोक वेळ मारून नेतात, तेवढंच त्याला माहीत.

तेव्हा मी आमच्या गल्लीच्या टोकाच्या झिपरू लोहाराकडे गेले. झिपरूभाऊ आधी हसला, मग त्याने करून दाखवलं. पाना भट्टीत लाल करायचा, त्याचं तोंड हातोडीने दाबून लहान करायचं, निवला की कानशीने बरोबर मापाला आणायचं. "आणि मग पाणी द्यायचं," तो म्हणाला. भट्टीत गेलेलं लोखंड नरम पडतं. त्याला पुन्हा लाल करून पाण्यात बुडवलं की ते कडक होतं. याला लोहार पाणी देणं म्हणतात. पाणी बसलं की नाही हे बघायला कानस लावून बघायची. बसलेल्या लोखंडावरून ती सरकून जाते. न बसलेल्याला चावते.

असे पाने जात राहिले. चिठ्ठी त्याने कधी पाठवली नाही, मीही नाही. काय लिहिणार? पण एकदा रुमालात मोठ्या नटाबरोबर एक पितळेचा नट आला. हातात घेतला तर तो नट नव्हता. लेथवर त्याचे कोपरे उतरवून, आतले आटे काढून, पॉलिश करून त्याने अंगठी केली होती. माप मात्र चुकलं होतं. दुसऱ्याच्या मापाला सगळं बसवून देणाऱ्या मुलीची अंगठी ढिली. मी आतून पांढरं सूत गुंडाळलं आणि ती बोटात बसवली. फुई म्हणाली, "पितळ घालस का कोनी?" मी म्हटलं, घालतात. मला इतकं सुख झालं होतं की मी त्या दिवशी तिला दोनदा उलट उत्तरं दिली आणि तिने दोन्ही वेळा ऐकून घेतली. खपल्यांचंही सांगते. मधे एकदा बन्सीलाल ड्रायव्हर म्हणाला, "पाहुण्याची बोटं आता बरी दिसतात." माझी सगळी कमाई तेवढी, आणि मला ती पुरेशी होती.

शेवटचा रुमाल आला तो चोवीसचा. मशीनच्या वरच्या अंगाला, शिडी लावून चढावं लागतं तिथे, चोवीसचे मोठे नट होते. पाना एक इंची, म्हणजे भलताच ढिला. बन्सीलालने निरोप दिला, "सोमवारी मशीन खोलणार आहेत. त्याच्या आधी पाहिजे म्हणाले." मी झिपरूभाऊच्या भट्टीत पाना लाल करून तोंड दाबून घेतलं, घरी आणून दिवसभर घासला. नट त्यात असा बसला की उलटा धरला तरी खाली पडेना. पाणी तेवढं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच मला आणि बापाला पिंपळनेरला निघायचं होतं, लग्नाचं सांगायला. फुईच्या सासरची माणसं मानाची, पत्रिका पोस्टाने टाकली तर रुसली असती. मी पाना झिपरूभाऊकडे दिला. तो म्हणाला, पाणी देऊन ठेवतो. फुईला सांगितलं, संध्याकाळी तिथून आण आणि उद्या सकाळी बन्सीलालच्या गाडीला दे.

आम्ही पिंपळनेरला जेवलो, मान घेतले, दुसऱ्या दिवशी परत आलो. फुईने सांगितलं, पाना गेला. मी निश्चिंत झाले. मला त्या दोन दिवसांचा फार राग येतो. ते इतके साधे होते.

मंगळवारी दुपारी बन्सीलाल आमच्या दारात आला. गाडी स्टँडवर उभी करून आला होता. फुईने त्याच्यापुढे तांब्या धरला तर त्याने तो घेतला नाही. तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं. भाईदास शिडीवरून पडला होता. मान मोडली. दवाखान्यात नेईपर्यंतसुद्धा राहिला नाही.

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. बाप जळगावला जाऊन आला. मला नेलं नाही. लग्न झालेलं नव्हतं, मी कोण म्हणून जाणार? विधवा झाले असते तर निदान रडायला जागा मिळाली असती. मी भाकरी थापत होते, भांडी घासत होते, आणि गल्लीतल्या बाया माझ्या पायांकडे बघत होत्या. पांढऱ्या पायाची, असं एकीने माझ्या कानावर पडेल एवढ्या आवाजात म्हटलं. फुई तांब्या घेऊन बाहेर गेली आणि ते पाणी तिने त्या बाईच्या अंगावर फेकलं. जन्मात एकदाच तिने पाणी असं वाया घालवलं.

काही दिवसांनी भाईदासचा थोरला भाऊ आला. सोयरीक मोडली की दिलंघेतलं परत करतात, पण त्याने माझ्या साखरपुड्याच्या वस्तू मागितल्या नाहीत, चांगला माणूस होता. उलट एक गाठोडं आणलं. म्हणाला, "हे सगळे पाने. आमच्याकडे आता कोण वापरणार? तुमच्या मुलीच्या हातचे आहेत, तिच्याकडेच असू द्या." जाताना दाराशी थांबून म्हणाला, "पान्याच्या दांड्याला पाइप लावून जोर करत होता. पान्याचं तोंड फाकलं आणि हात सुटला. लोखंडच खराब निघालं, काय करणार." बोटातल्या अंगठीचं त्याला माहीत नव्हतं, आणि मी हात पदराखाली घेतला.

गाठोडं मी परसदारी सोडलं. चोवीसचा पाना सगळ्यांत वर होता. तोंड पसरलेलं, जांभई दिल्यासारखं. मी कानस आणली आणि त्याच्या जबड्यावरून एकदा फिरवली. कानस चावली. लोखंडाचा पांढरा चुरा माझ्या बोटांवर पडला.

मी तशीच झिपरूभाऊकडे गेले. तो मला बघून उभा राहिला. म्हणाला, "पोरी, त्या दिवशी भट्टी पेटवलीच नाही. साळा वारल्याचा निरोप आला, मी निघालो. कमलबाई पाना न्यायला आली, तिला सांगितलं ना, पाणी द्यायचं राहिलंय, प्रमिला आल्यावर देऊ."

घरी आले. फुई तांदूळ निवडत होती. मी शक्य तेवढ्या साध्या आवाजात विचारलं, "फुई, तो मोठा पाना होता ना, त्याचं काय केलं होतं तू?"

फुईने ताट बाजूला ठेवलं. तिचे डोळे भरले होते, पण चेहऱ्यावर काहीतरी समाधान होतं. "झिपरूभाऊ बोलना, बठ्ठं व्हयेल शे, फक्त पानी देवानं राह्यनं शे. मी बोलनू, पानीच देवानं शे ना, त्यानाकरता सोमवार कसाले हुकाडानं? घर लई उनू. तांबाना हंडामा ठेवं रातभर. तुळशीनं पान टाकं. सकाळे पुसीसन, कुकू लाईसन बन्सीलालले दिधं." मग तिने पदराने डोळे टिपले. "जवाई व्हईसन त्याले आमना घरनं पानी पिवानं नशिबमा नव्हतं. पन त्या पान्यानी आमनं पानी पिधं. तेवढं तरी त्यानापर्यंत पोचनं, बेटा."

मला तिच्यावर ओरडायचं होतं. मला तिच्या मांडीवर डोकं ठेवायचं होतं. यातलं काहीच केलं नाही. म्हटलं, "हा फुई. पोचनं."

पाना रात्रभर पाण्याच्या हंड्यात ठेवून, शेतातल्या बाईच्या अकलेने, आपल्या हातातली सगळ्यांत चांगली गोष्ट तिने त्या लोखंडाला दिली होती. पिकाला पाणी देतात, पाहुण्याला देतात, देवाला देतात. लोखंडाला पाणी द्यायचं तर आधी आग लागते हे तिला कोण सांगणार? लोहारांवर मला त्या वेळी फार चीड आली. एवढी मोठी भाषा पडली आहे आणि यांना हाच शब्द सापडला.

बापाला मी सांगितलं. त्यानेही कानस लावून बघितली, मग पाना धुवायच्या दगडावर ठेवला. म्हणाला, "कमलले कळानं नही पाहिजे. ती विहीर जवळ करी." तो पाना आम्ही जुन्या ग्रीसच्या डब्यात बुडवून टाकला. माझं जे जायचं होतं ते गेलं होतं. घरात एकच माणूस उरलं होतं जे रात्री शांत झोपत होतं, आणि तिची झोप राखणं हे मी माझं काम मानलं.

ते सोपं नव्हतं, कारण फुई ती गोष्ट सांगायची. घरी कुणी आलं, माझं लग्न का नाही असं विचारलं, की फुई सगळं सांगायची आणि शेवटी म्हणायची, "शेवटला पाना मन्हा हातना. त्याले मीच पानी दिधं व्हतं." ऐकणारी बाई असली तर नुसती हळहळायची. पण दुकानावरून घरी आलेले धंद्यातले लोक असले की माझा जीव टांगणीला लागायचा. कुणाच्या कपाळाला आठी पडली की मी मधेच इंजिनाचं काहीतरी काढायचे. दुसरी स्थळं आली, दोन. मी नाही म्हटलं. बापाने आग्रह केला नाही.

बाप गेल्यावर दुकानाचं भाडं परवडेना म्हणून मी काम घरच्या अंगणात आणलं. तोवर खेडोपाडी नवे पंप, नव्या मोटारसायकली आल्या होत्या, सगळं एमएमचं, आणि लोकांकडे पाने मात्र बापजाद्यांचे. साक्रीपासून लोक पाने बसवून घ्यायला यायचे. झिपरूभाऊही वारला, तेव्हा अंगणात लहानशी भट्टी घालावी लागली. फुईचे गुडघे धरलेले, ती आतच असायची. तरी मी येणाऱ्या प्रत्येकाला दारातच सांगून ठेवलं होतं, माझ्याकडे पाणी देणं म्हणायचं नाही, थंड करणं म्हणायचं. लोकांना वाटायचं बाई विक्षिप्त आहे. वाटू दे.

गेल्या कार्तिकात पिंपळनेरकडचा पुना नावाचा शेतकरी आला. नवीन माणूस, माझ्या अटी त्याला माहीत नव्हत्या. पाना त्याने भट्टीजवळ ठेवला, मी तो मापाला आणून लाल करत होते. सासरच्या बाजूची बोली कानावर पडली म्हणून की काय, फुई आतून भिंत धरत बाहेर आली. हातात पाण्याचा तांब्या. ती पाठीमागे आल्याचं मला दिसलं नाही. पाना चांगला लाल झाला होता, सांडशीने उचलून मी बादलीकडे वळले, आणि पुना म्हणाला,

"ताई, याले पानी बराबर द्या बरं. मांगला लोहारनी नुसतं तापाडीसन दाबं, पानीच दिधं नही. जोर लावताच तोंड फाकनं. मी वरतून पडता पडता वाचनू."

पाना तोवर बादलीत गेला होता. चर्र असा आवाज झाला, वाफ माझ्या तोंडावर आली. वाफ सरली तेव्हा मला फुई दिसली. ती बादलीकडे बघत होती.

"प्रमिला," ती म्हणाली, "यालेच पानी देनं म्हनतस का?"

"नही फुई," मी म्हटलं. "हे थंड करणं. वेगळं."

पुनाने तोंड उघडलं. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने ते मिटलं.

फुईने मला खोटं पाडलं नाही. बादलीतला पाना, मग माझा पितळी अंगठीचा हात, मग पुन्हा बादली, एवढं तिने पाहिलं. नंतर ती सावकाश खाली वाकली, गुडघे दुखतात तरी वाकली, आणि पाहुण्यापुढे धरायचा तांब्या तिने जमिनीवर ठेवला.

"पावना उना शे," ती म्हणाली. "पानी तू दे."

ती आत गेली. त्या पान्याची गोष्ट तिने त्यानंतर कुणालाही सांगितली नाही. मी विचारलं नाही, तिने विचारलं नाही. आम्ही दोघी एका ताटात जेवतो. दारात कुणी आलं की ती भिंतीकडे तोंड करून बसून राहते, आणि आमच्या घरात आता पाणी मी देते.